दोन-चार आणि दोन-दहा

जयपूर हे मापातून जन्माला आलेले शहर आहे. बहुतेक गावे नदीच्या काठाने, देवळाच्या भोवताली किंवा एखाद्या गडाच्या पायथ्याशी आपापल्या गतीने वाढत जातात. घरे आधी होतात आणि रस्ते मागाहून त्यांच्यातून वाट काढतात. इथे तसे झाले नाही. १७२७ साली सवाई जयसिंहाने या शहराचा पाया घातला तेव्हा आधी दोरी धरली गेली आणि मग त्या दोरीच्या कडेने घरे उभी राहिली. विद्याधराच्या आराखड्यातल्या चौकड्या, एकमेकांना काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, त्या छेदांवरच्या चौपडी हे सारे पाहताना भूमितीच्या वहीतून चालत असल्यासारखे वाटते. राजवाड्याच्या शेजारीच या राजाने वेधशाळा बांधली. तिच्यातले सम्राट यंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच आहे. त्याची सावली दगडी चापावरून मिनिटाला जवळजवळ सहा सेंटिमीटर सरकते, आणि तीवरून दोन सेकंदांच्या फरकापर्यंत वेळ वाचता येते.

मी या शहरात गणित शिकवायला आले त्याला आता पस्तीस वर्षे होत आली. परप्रांतात गेलेले मराठी माणूस आधी आपल्या ओळखीचे काहीतरी धुंडाळते. कोणाला गणपतीचा मांडव सापडतो, कोणाला मराठी पुस्तकांचे एखादे कपाट. मला जगन्नाथ सम्राट सापडले. जयसिंहाच्या पदरी असलेले हे ज्योतिषी मूळचे महाराष्ट्रीय होते असे सांगतात. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने आणली, टॉलेमीचा ज्योतिषावरचा ग्रंथही आणला. आपल्याआधी अडीच-पावणेतीनशे वर्षे इथे आलेला कोणी आपलाच माणूस मोजण्याच्या कामावर होता, या जाणिवेने मला या शहरात घर मिळाल्यासारखे वाटले. दर वर्षी पहिल्या वर्गातल्या मुलींना मी वेधशाळेत नेत असे आणि सावली सरकताना दाखवीत असे. माप म्हणजे रुक्ष आकडे, ही त्यांची समजूत तिथे थोडी ढिली पडे.

तथापि मापाचा मला झालेला खरा उलगडा वेधशाळेत झाला नाही. तो झाला बेसबॉलच्या बॅटीवरून.

आमच्या महाविद्यालयात मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ जुना होता. राजस्थानात याचे नवल वाटायला नको. भारतातली सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना १९६१ साली जोधपूरलाच स्थापन झाली. हा खेळ मूळचा शिकागोचा. १८८७ सालच्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी तिथल्या एका नौका-क्लबात काही तरुण बंदिस्त दालनात बसले होते. कोणीतरी मुष्टियुद्धाचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने परतवला. त्यांच्यातल्या जॉर्ज हॅनकॉकने मोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला, झाडूचा दांडा बॅट झाली, आणि खेळ सुरू झाला. आपल्या विटी-दांडूच्या जन्माची नोंद कोणी ठेवली नाही. पण ती ठेवली असती तर याहून फारशी निराळी निघाली नसती. झाडूचा दांडा ते ऑलिंपिकचे मैदान ही वाटचाल स्त्रियांच्या सॉफ्टबॉलने १९९६ साली अटलांटात पुरी केली. आमच्याकडे सॉफ्टबॉलच्या जोडीला पुढे बेसबॉलही आला, आणि दोन्ही संघांत बहुतेक त्याच मुली खेळू लागल्या.

या मुली बहुतांशी आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या होत्या. क्रिकेटचा पोशाख, पॅड, हातमोजे हा खर्च त्यांच्या घरांना झेपणारा नव्हता. इथे साहित्य संघाचे असे आणि ते सगळ्या मिळून वापरत. म्हणूनच बॅट कोणती घेतली जाते हा प्रश्न इथे एकेका मुलीच्या आवडीचा राहत नाही. महाविद्यालयाच्या खोलीत ज्या बॅटी असतील त्यांच्यावर पंधरा-सोळा मुलींचे वर्ष अवलंबून असते.

एके वर्षी सरावात एका मुलीच्या गालफडावर चेंडू बसला. ती चेंडू फेकणारी, म्हणजे पिचर होती. सॉफ्टबॉलमध्ये स्त्रियांची फेकण्याची जागा फलंदाजापासून त्रेचाळीस फुटांवर असते, बेसबॉलमध्ये साडेसाठ फुटांवर. आणि चेंडू सोडताना पाऊल पुढे पडते ते अंतर यातून वजाच करायचे. परतलेला चेंडू तिच्यापर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. टाके पडले, हाड वाचले. आठवड्याने तिचे वडील आले. ते एका दूध-डेअरीत कामाला होते. मुलीचे नाव संघातून काढावे एवढेच सांगायला ते आले होते, आणि ते त्यांनी फार अदबीने सांगितले. जाताना दारात थांबून त्यांनी विचारले, “मैडम जी, वो बल्ला नियम का था?”

मी त्या वेळी क्रीडा-समितीची सदस्य होते. हिशेब येतो म्हणून गणिताच्या बाईंना अशा समित्यांवर घेण्याची पद्धत सगळीकडेच आहे. पण त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आमच्या क्रीडा-शिक्षिकेपाशीही नव्हते. ती बॅट आमच्या येण्याआधीपासून खोलीत होती. तिच्यावरची अक्षरे पुसली गेली होती. नियमाची म्हणजे कोणत्या नियमाची, हेच आधी शोधायला हवे होते.

पुढच्या खरेदीच्या वेळी हे काम मी मागून घेतले. दरपत्रके मागवण्याआधी बाजार पाहावा म्हणून क्रीडा-शिक्षिका आणि मी शहरातल्या दुकानांतून हिंडलो. एका दुकानात बेसबॉलची बॅट हवी म्हटल्यावर दुकानदाराने सहज विचारले, “खेलने के लिए, या गाड़ी में रखने के लिए?” त्याच्या विचारण्यात विनोद नव्हता. दोन निरनिराळे माल होते आणि त्याला गिऱ्हाइकाची गरज जाणून घ्यायची होती. गाडीत ठेवायच्या बॅटी जाड, जड आणि चकचकीत होत्या. खेळायच्या बॅटी त्याच्याकडे दोनच होत्या आणि त्यांच्यावर धूळ होती. ज्या देशात बेसबॉलचे मैदान शोधून सापडत नाही त्या देशात बेसबॉलची बॅट सहज सापडते, ती या कारणाने. रस्त्यावरच्या भांडणाला लागणाऱ्या दांडक्याला माप लागत नाही. जितके जाड, जितके जड, तितके चांगले. खेळाच्या बॅटीचा सगळा विचार याच्या नेमका उलट्या दिशेने झालेला आहे: किती जाड असावी यापेक्षा किती जाड असू नये याचा.

हे ‘असू नये’ खेळांच्या इतिहासात कसे शिरले याची एक गोष्ट क्रिकेटमध्ये सांगतात. १७७१ साली इंग्लंडमध्ये हॅम्बल्डनविरुद्ध खेळताना चर्टसी संघाच्या व्हाइट नावाच्या फलंदाजाने यष्ट्यांइतकी रुंद बॅट मैदानात आणली. चेंडू यष्टीला लागायला वाटच उरली नाही. त्यानंतर बॅटीची रुंदी सव्वाचार इंचांहून अधिक असू नये असा नियम झाला, आणि अडीचशे वर्षांनंतरही तो आकडा तसाच आहे. १९७९ च्या डिसेंबरात पर्थच्या कसोटीत डेनिस लिलीने ॲल्युमिनियमची बॅट आणली. चेंडूचा आकार बिघडतो अशी इंग्लंडच्या कर्णधाराने तक्रार केली. पुढच्याच वर्षी बॅटीचे पाते लाकडाचेच असले पाहिजे असे नियमात लिहिले गेले. २०१७ मध्ये पात्याच्या जाडीलाही मर्यादा आली. प्रत्येक नियमामागे कोणीतरी एक माणूस उभा असतो, ज्याने नियम नसल्याचा पुरेपूर लाभ घेतला.

बेसबॉलची कथा याहून गुंतागुंतीची आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यांत आजही एकसंध लाकडाचीच बॅट चालते. पण लाकूड मोडते, आणि शाळा-महाविद्यालयांना दर हंगामात मोडलेल्या बॅटींची भरपाई करणे परवडेना. म्हणून १९७४ मध्ये तिथल्या महाविद्यालयीन खेळाने ॲल्युमिनियमच्या पोकळ बॅटीला परवानगी दिली. काटकसरीसाठी उघडलेल्या या दारातून हळूहळू दुसरेच काहीतरी आत आले. लाकडावर चेंडू आदळतो तेव्हा चेंडूच चेपला जातो, आणि त्या चेपण्यात त्याची बरीच शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. पोकळ बॅटीची पातळ भिंत मात्र स्वतः किंचित आत दबते आणि लगेच उसळून दबलेली शक्ती चेंडूला परत देते. भिंत जितकी पातळ, तितकी ही उसळी मोठी. कारखान्यांची चढाओढ लागली. चेंडू अधिक वेगाने परतू लागले, आणि फेकणारा मात्र होता तिथेच, साडेसाठ फुटांवर.

अखेर नियम करणाऱ्यांनी लांबी-रुंदीच्या पलीकडे जाऊन त्या उसळीलाच माप लावले. चेंडू आणि बॅट यांच्या टकरीत किती वेग परत मिळतो त्याचा गुणांक ०.५० च्या वर जाऊ नये असे ठरले. हा आकडा साधारण लाकडी बॅटीच्या बरोबरीचा आहे. तिथल्या महाविद्यालयांत हा नियम २०११ पासून आणि शाळांत २०१२ पासून लागू झाला. असे प्रमाणपत्र मिळालेल्या बॅटीवर तशी मोहोर असते. त्याखेरीज लांबी छत्तीस इंचांपेक्षा जास्त नको, सर्वांत जाड भागाचा व्यास दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंचांपेक्षा जास्त नको, आणि इंचांतली लांबी व औंसांतले वजन यांत तीनापेक्षा अधिक फरक नको. तेहतीस इंची बॅट तीस औंसांहून, म्हणजे सुमारे साडेआठशे ग्रॅमहून, हलकी चालत नाही. सॉफ्टबॉलचे माप निराळे: लांबी चौतीस इंच, वजन अडतीस औंस आणि व्यास सव्वादोन इंच, हे तिन्ही कमाल. दोन खेळ भावंडांसारखे असले तरी एकाची बॅट दुसऱ्याला चालत नाही.

हे वाचताना मला राहून राहून जयसिंह आठवत होता. त्याने आधी पितळेची यंत्रे करवून पाहिली होती. ती लहान पडत, त्यांवर कलांच्या खुणा करता येत नसत, आस झिजत आणि हलत, आणि वेध चुकत. म्हणून त्याने धातू सोडून दगड आणि चुना घेतला. अमेरिकेतल्या महाविद्यालयांनी लाकूड सोडून धातू घेतला, आणि मग धातूला लाकडासारखे वागायला लावले. दोघांनाही हवे होते ते एकच. साधन कोणत्याही पदार्थाचे असो, त्याने खऱ्यापेक्षा अधिक सांगू नये. बॅटीने खेळणाऱ्या मुलीच्या हातात जेवढे आहे तेवढेच चेंडूला द्यावे, पदरचे घालू नये.

सामन्यापूर्वी पंच बॅटी तपासतात त्या एका साध्या साधनाने. धातूचे एक कडे असते. बॅट त्यातून आरपार गेली पाहिजे. अडकली की बाद. हे कडे आम्हांला हवे होते आणि कोणत्याही दुकानात ते नव्हते. भौतिकशास्त्र विभागातला व्हर्निअर कॅलिपर होता. पण तो एका वेळी एका जागेचा, एका दिशेचा व्यास सांगतो. बॅट एखाद्या ठिकाणी फुगलेली असली तर तो तिथे लावला तरच कळणार. कडे मात्र बॅटीच्या अंगावरून सबंध फिरते. शिवाय त्याचा निकाल वाचायला गणित यावे लागत नाही, समोर उभ्या असलेल्या सगळ्यांना तो एकदम दिसतो.

दोन पूर्णांक पाच अष्टमांश हा आकडा मी वहीत लिहिला होता. सोळांशांत मांडला तर तो दोन पूर्णांक दहा षोडशांश होतो. सॉफ्टबॉलचे सव्वादोन म्हणजे दोन पूर्णांक चार षोडशांश. हे मनातल्या मनात म्हणताना मी थबकले. दोन-दहा. दोन-चार. ही तर बांगड्यांची मापे.

लहानपणी आमच्या घरी सणावाराआधी कासार येत असे. तो आईचा हात हातात घेऊन, बोटे एकत्र दाबून, न विचारता म्हणे, “दोन-सहा.” मला ते दोन-सहा म्हणजे काय हे कळत नसे. आईने एकदा सांगितले, रुपयाचे सोळा आणे तसे इंचाचे सोळा भाग. दोन इंच आणि सहा आणे. मोठेपणी माझे माप दोन-चार ठरले आणि तेच राहिले. इतकी वर्षे जे माप मी अंगावर वागवत होते तेच सॉफ्टबॉलच्या नियमाच्या पुस्तकात छापलेले होते, आणि ते मला दिसले नव्हते. कारण एक मनगटाचे होते आणि दुसरे मैदानाचे.

जयपुरात बांगडी शोधायला लांब जावे लागत नाही. त्रिपोलिया बाजारातून आत वळले की मणिहारों का रास्ता लागतो. दोन्ही बाजूंना लाखेच्या बांगड्यांची दुकाने, आणि दुकानांच्या तोंडाशी कोळशाच्या शेगडीवर लाख मऊ करीत बसलेली माणसे. रंगीत लाखेची वळी करून तिचे कडे वळवतात आणि ते एका निमुळत्या लाकडी दांड्यावर सरकवून हव्या त्या मापाला आणतात. तो दांडा मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिला. मुठीकडे बारीक, पुढे जाड होत गेलेला, हाताळून गुळगुळीत झालेला. लहानशी बॅटच ती.

लाख उन्हाने सैल पडते म्हणून मला पितळेची कडी हवी होती. दुकानातल्या वयस्क बाईंना मी दोन मापे सांगितली. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले आणि म्हणाल्या, “बहनजी, दो-चार तो आपका है. ये दो-दस किसका?” मी पिशवीतून बॅट काढली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, आणि काही न बोलता एकामागून एक कडी तिच्यावर सरकवून पाहू लागल्या. शेजारच्या दुकानातली मुले गोळा झाली. मी त्यांना नियम समजावून सांगितला. त्या बाईंना तो समजावून सांगण्याची गरज नव्हती. जे आरपार जात नाही ते मापाचे नाही, हे त्यांना जन्मभराच्या कामातून ठाऊक होते. ती दोन कडी मी आणली आणि कॅलिपरने तपासली. आतला व्यास एकाचा सत्तावन्न मिलिमीटर आणि दुसऱ्याचा सदुसष्टला किंचित कमी. हवी तीच मापे.

आपल्याकडे एखाद्याच्या भेकडपणाला हिणवायचे असेल तर ‘हातात बांगड्या भर’ म्हणतात. हिंदीतही तेच आहे. ही म्हण ज्यांनी रूढ केली त्यांनी बांगडी कधी नीट पाहिली नसावी. ती अंगठ्याच्या हाडावरून सरकते तेव्हा दुखते. ती अचूक असावी लागते. सैल असली तर कामात अडथळा करते, घट्ट असली तर चढतच नाही. बाईच्या अंगावरची ही एकच वस्तू अशी आहे, जिच्यात तडजोड चालत नाही.

समितीच्या बैठकीत तीन पुरवठादारांचे नमुने टेबलावर मांडले होते. सर्वांत कमी दर ज्याचा, त्याने एकच बॅट दोन्ही खेळांसाठी दिली होती, आणि दर इतरांच्या जवळजवळ निम्मा होता. नियमाप्रमाणे त्याचेच घ्यायला हवे होते. मी पिशवीतून दोन्ही कडी काढली तेव्हा काही सदस्य हसले. दोन-चारचे कडे त्या बॅटीच्या गळ्यापर्यंत गेले आणि पोटाशी अडकले. दोन-दहाचे थोडे पुढे सरकले आणि तेही थांबले. मोहोर कुठेच नव्हती. “मुलींचाच तर खेळ,” एक सदस्य म्हणाले, “तिथे कोण मोजायला बसले आहे?” मी त्यांना त्या मुलीच्या गालावरचे टाके सांगितले नाहीत, सांगितले असते तर ती दयेची गोष्ट झाली असती. मी एवढेच म्हटले की दरांची तुलना एकाच वस्तूंत होते. जी बॅट सामन्यात चालणार नाही ती बॅटच नव्हे, आणि जी वस्तूच नाही तिचा दर कमी की जास्त हा प्रश्न उद्भवत नाही. हिशेब पाहणाऱ्या सदस्यांना हा मुद्दा पटला. कारुण्यापेक्षा व्याख्येचे बळ अधिक असते, हे मी समित्यांतच शिकले. मंजूर पैशांत दहांच्या ऐवजी सहाच बॅटी आल्या: चार सॉफ्टबॉलच्या, दोन बेसबॉलच्या.

सहांच्या निवडीत वजनाचा प्रश्न उरलाच होता. नियम सीमा सांगतो. सीमेच्या आत कुठे उभे राहायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. मुलींना सुरुवातीला सर्वांत जड बॅट हवी होती. जडाने लांब जाते, हा सगळ्यांचाच समज. क्रीडा-शिक्षिकेने प्रत्येकीला बॅट एका हाताने मुठीपाशी धरून हात खांद्याच्या रेषेत सरळ ठेवायला सांगितला आणि ती स्वतः मोजत राहिली. वीसपर्यंत पोचायच्या आत टोक खाली यायला लागले तर ती बॅट त्या हाताची नव्हे. दोन हांडे डोक्यावर घेऊन मैलभर चालणाऱ्या मुलींचीही टोके खाली आली, कारण ओझे वाहणे आणि ते फिरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. बॅटीचे वजन काट्यावर जेवढे भरते त्यापेक्षा ते मुठीपासून किती लांब आहे याला महत्त्व असते. हे मी वर्गात जडत्व-आघूर्णाच्या सूत्राने शिकवीत असे. त्या दिवशी मुलींनी ते मनगटाने शिकून घेतले, आणि परीक्षेत ते विसरल्या नाहीत.

संघात एक मुलगी सधन घरची होती. तिच्या वडिलांनी तिला परदेशातून संमिश्र धाग्यांची एक महागडी बॅट आणून दिली होती. आमच्या सहा बॅटींची मिळून जी किंमत होती त्याच्या आसपास तिची एकटीची असावी. ती वापरू द्यावी की नाही यावर संघात कुजबुज झाली. मी तिलाही कडे लावले. ती आरपार गेली, तिच्यावर मोहोरही होती. नियमाने तिला हरकत नव्हती. मर्यादा घातल्याने सगळे सारखे होतात असे नाही, हे त्या कुजबुजीने मला दाखवले. दारिद्र्य आणि संपन्नता दोघेही मापात बसू शकतात, आणि मापात बसल्यावरही एक दुसऱ्यापेक्षा सुखात असतो. नियम फक्त एवढीच हमी देतो की, ते अंतर चेंडूच्या वेगातून कोणाच्या तोंडावर येणार नाही. बाकीचे माणसांनी करायचे असते. त्या मुलीने ते केले. दुसऱ्या दिवसापासून तिने आपली बॅट संघाच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली. तिला कोणी तसे सांगितले नव्हते.

नव्या बॅटी आल्यावर मी त्या डेअरीतल्या गृहस्थांना निरोप पाठवला. ते आले. मी त्यांना काहीच समजावले नाही. टेबलावर एक सॉफ्टबॉलची बॅट ठेवली आणि दोन-चारचे कडे त्यांच्या हातात दिले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, मग कडे मुठीकडून घालून सावकाश पुढे नेले. पोटाशी आल्यावर त्यांचा हात मंदावला. कडे बाहेर आले. त्यांनी ते पुन्हा उलट्या बाजूने घातले आणि पुन्हा बाहेर काढले. “ठीक है,” ते म्हणाले. नियमाची बॅट घेतली म्हणून चेंडू लागणारच नाही, असे मी त्यांना सांगितले नव्हते आणि त्यांनीही तसे मानले नसावे. चेंडू कोणालाही लागू शकतो. पण आपल्या मुलीचा विचार कोणीतरी इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत केला आहे, एवढे त्यांनी स्वतःच्या हाताने पाहिले. मुलगी पुढच्या आठवड्यात मैदानावर आली. गालावरची रेघ होती. फेक पहिल्यासारखी व्हायला मात्र तीन महिने लागले.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमचा संघ दुसऱ्या फेरीत हरला. पुढल्या वर्षीही फार पुढे गेला नाही. ही कडी मी दर हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस सगळ्या बॅटींवरून फिरवीत असे, आणि माझ्या निवृत्तीनंतर ते काम क्रीडा-शिक्षिकेकडे गेले. धातूची बॅट मोडत नाही, पण तिला पोचे पडतात. एका बाजूने ती दबली की दुसऱ्या बाजूने फुगते. चौथ्या वर्षी एक बॅट अशीच दोन-चारमध्ये अडकली. पहिल्या दिवसापासून सगळ्यांची लाडकी असलेली ती बॅट होती, म्हणूनच तिला सर्वांत जास्त पोचे पडले होते. मुलींनी कडे फिरवून पाहिले, तिरके करून पाहिले, एकीने तर साबण लावू का म्हणून विचारले. मी नको म्हटले.

साठा-नोंदवहीत अशा वस्तूपुढे ‘निर्लेखित’ असा शेरा लिहावा लागतो. तो मी लिहिला. आमच्या घरी बांगडी फुटली तर आई ‘फुटली’ असे कधी म्हणत नसे, ‘वाढली’ म्हणायची. वापरून वापरून जी वस्तू आपले काम पुरे करते तिच्यासाठी मराठीने हा एक शब्द राखून ठेवला आहे. नोंदवहीत तो लिहिण्याची सोय नव्हती आणि तिथे तो कोणाला समजलाही नसता. बॅट मुलींनी ठेवून घेतली. मैदानाच्या कडेला जुना टायर टांगलेला आहे, त्यावर नव्या मुली तिने सराव करतात.